पिंगळीला गाडी अडकते

२१ नोव्हेंबर १९९३, रविवार

आज पुन्हा पिंगळीला अडकली! परभणीहून झकास सुटली, सिग्नल मिळाला, वेग आला — आणि पिंगळीचा प्लॅटफॉर्म मागं पडला न पडला तोच गचके. चित्र एक पाऊल पुढं येतं, थांबतं, पुन्हा एक पाऊल. बाबांनी स्पेसबार दाबून लांब शिट्टी दिली. देतच राहिले. मग हात काढला, उठले आणि मोरीत जाऊन हातपाय धुतले, मातीला जाऊन आल्यावर धुतात तसे.

नागूनं केलेला खेळ हा. नागसेन, माझा धाकटा भाऊ. परभणीला माणिकरावांच्या कॉम्प्युटर क्लासमधे शिकवायचा. तिथलंच एक मशीन इथं पूर्णेला घरी आणलं होतं. बाबा रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर, घरात बसून गंजायला लागले, म्हणून त्यांच्यासाठी त्यानं परभणी ते पूर्णा पॅसेंजर बनवली — वेगाचा रेग्युलेटर, ब्रेक, शिट्टी, सगळं बटणांवर. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात कावीळ होऊन तो गेला. खेळ राहिला. बाबा रोज संध्याकाळी गाडी काढतात आणि एकदाही पूर्णेला पोचत नाहीत.

बाबांनी आज अर्धीच भाकरी खाल्ली. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो अंगावर. नागूचंही असंच सुरू झालं होतं. मला हे बघवत नाही.

२३ नोव्हेंबर

शेजारच्या सगुणाबाई येऊन गेल्या. "बाहेरचं हाय माय ते. लिंबू उतरून टाक मशीनवरून." हसू आलं. लिंबानं कॉम्प्युटर सुधारत असते तर माणिकरावांनी क्लासच्या दारात झाड लावलं असतं!

आणि आमच्या घरात? आजोबा छप्पन सालच्या दीक्षेचे. भुताचं नाव काढलं की पोराला ताटावरून उठवायचे. नागूला एकदा तसं उठवलं होतं, मी माझी भाकरी चोरून दिली होती त्याला.

बाबा मात्र हसले नाहीत. सगुणाबाई गेल्यावर दाराकडं बघत बसले.

२६ नोव्हेंबर

ठरवलं. हे मशीन मीच दुरुस्त करणार. नागूच्या जागेवर माणिकरावांनी मला घेतलंय ते काय फळा पुसायला?

नागू शिकवायचा तसंच लिहून ठेवते. खेळ चालतो तेव्हा आत दोघंजण राबतात. प्रोसेसर हिशेब करतो — गाडी कुठं आली, वेग किती, सिग्नल कोणता. व्हिडिओ कार्ड त्याचं चित्र पडद्यावर काढतं. एक जाऊ भाकरी थापतेय, दुसरी भाजतेय, असं. भाजणारी रिकामी बसून वाट बघत असेल तर थापणारी मंद. थापलेल्या भाकरी पडून राहत असतील तर तवा लहान. दोघींपैकी कोण अडतंय ते आधी शोधायचं, मग नावं ठेवायची.

उद्या टर्बोचं बटण.

२७ नोव्हेंबर

मशीनच्या तोंडावर टर्बोचं बटण असतं. ते सोडलं की प्रोसेसर हळू होतो. सोडलं, परभणीहून गाडी काढली. सगळीकडं रेंगाळली, अगदी मालगाडीसारखी. म्हणजे बाकी रस्त्यावर भार प्रोसेसरवर आहे.

पिंगळी गेली. गचके. पण कालच्याइतकेच! परत टर्बो दाबून आणली — तिथं तेवढेच गचके. थापणारीला पळवा नाहीतर झोपवा, त्या जागी फरकच पडत नाही. म्हणजे तिथं ती नुसती वाट बघत उभी असते. अडतंय कार्ड.

फार बरं वाटलं. बाबांना सांगितलं, "कार्डाचा दोष आहे, बाकी काही नाही." ते म्हणाले, "आसंल." आणि भाकरी पुढं सारली.

३० नोव्हेंबर

दुसरी परीक्षाही केली. नागूनं खेळात चित्र लहान करायची सोय ठेवलीय, एक बटण दाबलं की पडदा चौथ्या हिश्शाचा. काढायला कमी, तर कार्डाला दम लागायला नको. आणि खरंच — लहान चित्रावर पिंगळीचे गचके जवळजवळ गेले. कार्डच ते, शंका नाही.

पण मग हे काय? पूर्णेच्या यार्डात मी एकटी गाडी नेऊन बघितली. तिथं डबे, खांब, पाण्याची टाकी, माणसं, किती काढलंय पोरानं! कार्ड हूं की चूं करत नाही. आणि पिंगळीपुढं? सपाट रान. मातीच्या रंगाची एक पट्टी, वर आभाळ, दोन रूळ. काढायला काहीच नाही.

काहीच नाही, तर ते एवढं काय काढत बसतंय?

१ डिसेंबर

क्लासवरून येताना पॅसेंजरमधे खिडकीशी बसले. पिंगळी सुटल्यावर बाहेर बघितलं. तुरी, बोरी, एक बकरी. मी का बघतेय? स्वतःचाच राग आला. तरी मान वळवता येईना.

३ डिसेंबर

मूळ प्रोग्रॅम उघडून बघावा म्हटलं तर त्याच्या फ्लॉपीला पावसाळ्यात बुरशी धरलेली. ड्राइव्ह नुसता खरखरतो. मशीनमधे आहे तो तयार खेळ — चालतो, पण आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही. नागू असता तर एका मिनिटात सांगितलं असतं. नागू असता तर!

आज खूप रडले. बाबांसमोर नाही.

६ डिसेंबर

बाबासाहेबांना अभिवादन करायला सगळी वस्ती विहाराकडं गेली. बाबा उठले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. दादरला जाणाऱ्यांना पूर्णेच्या फलाटावर जागा धरून देणारा माणूस हा!

ताप आहे. डॉक्टर म्हणतात, तसा काही आजार दिसत नाही, खात का नाहीत? मी काय सांगू?

संध्याकाळी अंगावर चादर घेऊन मशीनसमोर बसलेच. पिंगळीला शिट्टी. गचके. आणि हळूच म्हणाले — मला नाही, पडद्याला — "आता माझ्यासाठीच थांबलायस नव्हं?"

मी विचारलं, कोण? तर म्हणे, "कोण न्हाई. लाइट जाईल, बंद कर."

११ डिसेंबर

जेवत नाहीत. पेज दोन घोट. सगुणाबाईंनी माझ्या नकळत उंबऱ्याला बिब्बा टांगला. मी तो काढला नाही. आजोबा, माफ करा.

१८ डिसेंबर, शनिवार

एकच परीक्षा उरली होती — कार्ड बदलून बघणं. नवं कोण देणार? क्लासच्या माळ्यावर एक जुनाट कार्ड होतं, सोळाच रंगांचं. ते जुन्याच मॉनिटरला जोडावं लागतं. माणिकराव म्हणाले, "न्या की बाई, भंगारच हाय ते." बसच्या टपावर न टाकता मॉनिटर मांडीवर घेऊन आणला, पाय मेले अगदी.

कार्ड बसवलं. माझं गणित साधं होतं. जुनं कार्ड आणखी मंद, म्हणजे गचके वाढले की आपलं निदान पक्कं. बाबा आतल्या खोलीत झोपलेले. बाहेर चांगलं ऊन. गाडी काढली. पिंगळी मागं पडली. गचके — वाढले! मी टाळी वाजवणार होते.

रुळांवर एक माणूस उभा होता.

निळा. नखशिखांत निळा. हातात फडकं, ते डोक्यावर धरून हलवतोय. एक गचका, फडकं डावीकडं. एक गचका, उजवीकडं. गाडी जवळ जाईल तसा मोठा होत गेला. त्याला तोंड काढलेलं नव्हतं. शेवटी आभाळाच्या रेघेखालचं सगळं निळं झालं, आणि मग नुसते रूळ.

मी अंगणात पळाले. मी! लिंबावर हसणारी! दोरीवरचं धुणं धरून उभी राहिले, आणि सगुणाबाई भिंतीवरून "काय झालं गं कुसुम" म्हणत राहिल्या.

१९ डिसेंबर

डोकं ताळ्यावर आल्यावर कळलं. मशीनच्या मूळच्या, नव्या कार्डावर प्रोग्रॅममधून रंग बदलता येतो. नागूनं निळ्याचा मातीचा रंग करून ठेवलाय — मातीवर मातीचा माणूस, दिसणार कसा? पण काढला तर जातोच! ठिपका ठिपका, प्रत्येक चित्रात नव्यानं, हलत्या फडक्यासकट. म्हणून कार्डाचा जीव जातो. जुन्या कार्डाला रंग बदलण्याची भाषाच कळत नाही. त्यानं तो निळाच दाखवला.

कसं घडलं ते कळलं. का, ते कळलं नाही. बाबांना विचारायला हवं. हिंमत होत नाही.

२२ डिसेंबर

विचारलं. "बाबा, पिंगळीपुढं फडकं हलवणारा माणूस कोण?"

ताटली हातातून पडली. मग भिंतीला टेकून बसले आणि सांगितलं. जसं आठवतंय तसं लिहिते.

"अठ्ठ्याहत्तरची गोष्ट माय. नामांतराचं पेटलं व्हतं. वस्त्या जळायल्या व्हत्या. माझ्या गाडीत समदे आपलेच लोक, गाठोडी घेऊन पळालेले. दिवस मावळायला पिंगळी सोडली, तर म्होरं रुळात एक जण. फडकं हलवायलाय. मला वाटलं, गाडी अडवायलेत, डब्यातल्या लोकायला मारतेत. लांब शिट्टी दिली. म्हणलं शिट्टी ऐकली की हटंल. ब्रेकला हात लावला न्हाई मी. त्यो हटला न्हाई."

मिरखेलला जाऊन खबर दिली त्यांनी. दुसऱ्या दिवशी कळलं — आपलाच होता. त्याची वस्ती पेटली होती. गाडीत घ्या म्हणत होता.

"आमाला बी घ्या, येवढंच म्हणत व्हता, कुसे."

हे त्यांनी जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं, नागूला. नागूनं ऐकून घेतलं. मग हा खेळ करून आणला. पहिल्याच दिवशी तो निळा माणूस बघून बाबा ओरडून उठले. नागू म्हणाला, काढून टाकतो बाबा. सकाळी दाखवलं, माणूस गेलेला. पण गाडी तिथंच अडकत राहिली! बाबांनी काय समजायचं? चित्र पुसलं तरी तो आहेच. मग नागू आजारी पडला.

"आधी त्यानं पोरगं नेलं माझं. आता मला न्यायचं राह्यलंय."

एवढे दिवस हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता, आणि दीक्षा घेतलेल्या घरात भुताचं बोलायची लाज म्हणून मलाही सांगितलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले.

२४ डिसेंबर

रंगाची सगळी भानगड समजावून सांगितली. भूत नाही, नागूनं काढलेलं चित्र आहे, झाकलेलं. बाबांचा चेहरा आधी सैल झाला. मग एकदम भडकले — "मग काढलं म्हणून खोटं कामून बोललं पोरगं? बापाला फसवलं व्हय?" मशीनवर चादर टाकली. मी गपचूप मशीनचं मूळचं कार्ड परत बसवून ठेवलं.

मलाही तेच डाचतंय. नागूला काढणं सोपं होतं, झाकणं अवघड. अवघड ते का केलं?

२ जानेवारी १९९४

चादर तशीच. भाकरी एक. म्हणजे वाढली! पण बोलणं बंद.

९ जानेवारी

स्टेशनात पोलीस वाढलेत. नामांतराचा निर्णय होणार म्हणतात. जो तो हळू बोलतो. बाबा दिवसभर रेडिओला कान लावून असतात. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी गाठोडी बांधलीत — अठ्ठ्याहत्तरसारखं झालं तर?

१३ जानेवारी

बाबांनी स्वतः चादर काढली.

"ते जुनं कार्ड बसव माय. झाकलेला नगं. मला त्यो दिसू दे."

बसवलं. म्हणाले, आज नाही, उद्या.

१४ जानेवारी

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं! रेडिओवर ऐकलं. बाबा उठले, तोंड धुतलं, ड्रायव्हरकीचा जुना कोट घातला आणि गाडी काढली. पिंगळी गेली. तो निळा माणूस फडकं हलवत उभा. बाबांनी शिट्टी दिली नाही. ब्रेक दाबला, दाबूनच धरला. ड्रायव्हरच्या घरात वाढलेली मी — स्टेशन सोडून मधेच गाडी उभी करून बघावी, हे एवढ्या परीक्षा घेऊनही मला सुचलं नव्हतं. गाडी थांबली. त्यानं फडकं खाली घेतलं, खांद्यावर टाकलं, चालत आला आणि डब्यात चढला. नागूनं हे करून ठेवलं होतं! म्हणूनच त्यानं माणूस काढला नाही, नुसता झाकला. पुढं एकही गचका नाही. मिरखेल गेलं, पूर्णा आली. बाबांनी गाडी फलाटाला लावली, डोळे पुसले आणि पडद्याला म्हणाले, "उतरा."