पाणी भरून झाल्यावर

बुधवार, ९ नोव्हेंबर
साइट ऑफिस

प्रिय वहिनी,

नमस्कार. तब्येत ठीक, जेवण वेळेवर, उन्हात टोपी घालते. म्हणजे तुझे नेहमीचे तीन प्रश्न निकालात निघाले. चौथ्याकडे येते, जरा दम धर.

आधी टाकीची बातमी. तेलाची टाकी बांधून झाली की आधी तिच्यात पाणी भरतात, थोडं थोडं, थांबत थांबत. इथली जमीन मऊ, तिला ओझ्याची सवय व्हायला हवी. पायाचा नकाशा मी काढलेला, त्यामुळे टाकीभोवती मापं घेत मीच फिरत होते. काल टाकी काठोकाठ भरली आणि मॅनेजर धावत आले. "मॅडम, टाकी वीतभर खाली गेलीय!" मी म्हटलं, जाणारच होती, ते माझ्या हिशेबात धरलंय. सगळीकडून सारखी बसली तर काही बिघडत नाही, एकाच बाजूला खचली तर फाटते. मापं सगळीकडे सारखी आली आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, पण मी तसं दाखवलं नाही.

दादा गेला तेव्हा आपलं घरही असंच खाली बसलं. फाटलं नाही, ते तुझ्यामुळे. माझी शेवटची परीक्षा तोंडावर होती. भेटायला येणाऱ्यांना तू पुढच्या खोलीत थोपवलंस आणि मला टेबलाशी बसवून बाहेरून कडी घातलीस. "पेपर संपू देत, मग दोघी मिळून रडू," म्हणालीस, आणि शब्दाला जागलीस. नवरा तुझा गेला होता गं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज या पायाच्या नकाशावर माझी सही आहे, ती तुझ्यामुळे.

तर चौथा प्रश्न. तुझं पत्र आल्यापासून पर्समध्ये घेऊन हिंडतेय. चष्म्याच्या दुकानवाल्यांनी तुला लग्नाचं विचारलं, आई गप्प झाली, आणि तू लिहितेस, 'तू नको म्हणालीस तर मी त्यांना नाही सांगेन.' खरं सांगू? आधी मनात 'नको'च आलं. तू गेलीस तर सुट्टीत मी कुणाच्या घरी येऊ? नुसता स्वार्थ.

टाकीला पाईप आधी जोडत नाहीत, वहिनी. जोडले तर तुटतात. जमीन बसायची थांबली की मगच जोडायचे. आज सकाळची मापं कालच्याइतकीच निघाली, तेव्हा आता पाईपवाल्यांना बोलावलंय. तूही पुष्कळ थांबलीस. हो म्हण. माणूस चांगला आहे. माझ्या चष्म्याची काडी त्यांनी कितीदा बसवून दिली, पण 'जपून वापरा' असं एकदाही ऐकवलं नाही.

आईला मी इकडे घेऊन येते, तिची समजूत माझ्यावर सोड. लग्नात मी तुझ्या बाजूने उभी राहणार. आणि पुढे कधी त्यांच्याशी भांडलीस तर बॅग उचलायची आणि सरळ माझ्याकडे यायचं. खोली लहान आहे, पण दोघींना पुरेल.

कालपर्यंत तुझी नणंद,
आजपासून तुझं माहेर