मूळघरची माटोळी

डिचोली,
१८ ऑगस्ट २०२५

चि. तेजस्विनीस मावशीचे आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असणार. इतके दिवस फोन न उचलायला तब्येत दणकट लागते. मीही आता फोन करणार नाही. तुझे काका शेजारी बसून सगळं ऐकतात, आणि हल्ली ऐकलेलं विसरत नाहीत.

तुझ्या तुये गावातल्या प्रयोगशाळेतल्या गोळ्यांनी गुण आला, हे मान्य करते. त्यांनी मला ‘कमळे’ म्हणून हाक मारली. दोन वर्षं त्यांच्या लेखी मी कामाला येणारी बाई होते. न्हाणीघरात जाऊन रडले, हे तुझ्या आईला सांगू नकोस.

गणपतीची चवथ जवळ आली तसे ते मूर्तीवर टांगायच्या माटोळीला बांधायची रानफळं जमवू लागले. बुधवारी कांगलां, माट्टी, सुपारीचा घोस पिशवीत भरून मूळघरी जातो म्हणून निघाले. त्यांचं मूळघर खाणीत गेलं, तुला ठाऊक आहे. तिथे आता खंदक आहे आणि तो काठोकाठ पाण्याने भरलाय. छातीपर्यंत भिजून परतले. पिशवी रिकामी. मी तोंडसुख घेतलं, तर शांतपणे म्हणाले, “आवय माटोळी बांदपाक रावल्या. सून केन्ना येतली, म्हूण विचारता.”

माटोळीसाठी थांबून सुनेची वाट पाहणाऱ्या या सासूबाई आमच्या लग्नाआधीच वारल्या. मी त्यांना फोटोतच पाहिलंय.

उंदरांची गोष्ट तूच फणस खाता खाता सांगितलीस. आधी औषध टोचून विसराळू करायचे, मग ही गोळी देऊन हौदात सोडायचे. पाण्याखाली लपवलेला चौथरा त्यांनी आठवून शोधायचा. शेवटी चौथरा काढून घेतला तरी गोळीवाले उंदीर तिथेच घिरट्या घालतात, आणि तुम्ही त्याला यश म्हणता! माणसांना द्यायची परवानगी नसलेली गोळी लाडवांच्या डब्यातून पाठवताना, माणसाचं काय होईल याचा विचार केला होतास? आमच्या शाळेतल्या सिस्टरनी तुला बाकावर उभं केलं असतं.

बंद कर, असं तू म्हणशील. केली होती. शनिवारी चहा घेताना त्यांनी मला, परक्या बाईला गाव विचारावं तशा आदराने विचारलं, “बाये, तू खंयची?”

दुपारी मी गोळी दिली.

कडी लावली तर ते खिडकीतून उतरतात. चवथीच्या आदल्या दिवशी पुन्हा जाणार आहेत आणि मला एकटीला मागे ठेवायला तयार नाहीत. हिरवी साडी काढून ठेवली आहे. पहिल्यांदाच सासूसमोर जायचं. अडवायचं असेल तर त्याआधी ये. फोन करू नकोस.

अजून डिचोलीच्या पत्त्यावर असलेली,
तुझी मावशी
कमलाक्षी