उजवीकडचा मागचा स्पीकर

२३ ऑक्टोबर

आले! पाच स्पीकर, एक वूफर आणि ते सगळ्यांना चालवणारं मुख्य यंत्र — सात खोकी. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही.

काल पाडवा होता. सुधाने ओवाळलं तेव्हा मी तबकात पावती घडी करून ठेवली. तिला वाटलं दागिन्याची. उलगडली, वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "हे मला?" म्हटलं, तुलाच. घरात थिएटर. आता रोज संध्याकाळी दोघं मिळून एक सिनेमा बघायचा. ती तबक घेऊन आत गेली.

हल्ली ती बोलतच नाही. दोन वर्षं तरी झाली असतील. काही विचारलं तर समोर येऊन उत्तर देते, नीट देते, पण शेजारी बसली की आपणहून एक शब्द नाही. आधी केवढी बडबड करायची! अगं पुरे कर, म्हणावं लागायचं. आमची आभा इंदिरानगरला असते, तिला फोनवर हे सांगितलं. म्हणाली, बाबा, आईला कंटाळा आला असेल. कसला कंटाळा? मी आहे की दिवसभर घरात!

ते काही नाही. चांगला आवाज लागला, चांगला सिनेमा लागला की माणूस आपोआप बोलतं. बघू कशी बोलत नाही ते.

२४ ऑक्टोबर

दुकानाचा माणूस येऊन लावून देणार होता. नको म्हणून सांगितलं. हे लोक खिळा दिसेल तिथे स्पीकर टांगतात. मोतीरामला बोलावलं.

मोतीराम कंपनीत बावीस वर्षं माझ्या हाताखाली होता. आता निफाडला लाइट फिटिंगची कामं करतो. सकाळच्या एसटीने आला, येताना द्राक्षाच्या बागेचं रडगाणं घेऊन आला, ते चहाबरोबर संपवलं. मग म्हणतो, साहेब, मागचे दोन वर छताला लावू, दुकानात असत्यात तसे. म्हटलं, आपण काय दुकान टाकतोय? मागचे दोन स्पीकर कानाच्या रेषेत, फार तर वीतभर वर. आणि बसणाऱ्याच्या किंचित मागे. डावा जितका लांब, तितकाच उजवा. सुधाच्या शिवणाच्या टेपने मोजून भिंतीवर पेन्सिलच्या खुणा केल्या. मोतीराम बघतच राहिला. सुधाला म्हणाला, "ताई, साहेबांचा कान म्हंजे कान हाय. आमच्या खात्यात मशीन नव्हतं लागत."

खरंच नव्हतं लागत! गिअरबॉक्स फिरवायचा, मी उजवा कान जवळ न्यायचा आणि सांगायचं — तिसऱ्या बेअरिंगमध्ये खोट आहे. उघडून बघावं तर तिसऱ्याच बेअरिंगमध्ये खोट! परदेशातून पाहुणे आले होते, त्यांनी पेटीभर उपकरणं लावली आणि दोन तासांनी मी सांगितलेलंच सांगितलं. एकतीस वर्षं हे केलं. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. मी एकदाही घातले नाहीत. बोळे घालून ऐकणार काय, कपाळ?

२५ ऑक्टोबर

वायरी पट्टीतून नेल्या. एक भोक चुकीच्या जागी पडलं, तिथे कॅलेंडर लावलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज यंत्राची आणि घराची ओळख करून द्यायची होती. त्याबरोबर छोटासा माइक येतो. तो आपण बसतो तिथे, आपल्या कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग एकेक स्पीकर आळीपाळीने आवाज करतो, माइक ऐकतो आणि यंत्र आपलं आपण सगळ्यांना सारखं करून घेतं. अट एकच, तीन मिनिटं घरात चिडीचूप.

तीन मिनिटं! या घरात!

पहिल्यांदा कुकरची शिटी. यंत्र म्हणालं, पुन्हा करा. दुसऱ्यांदा घंटागाडी आली, खिडकीखाली गाणं लावून उभी. पुन्हा करा. तिसऱ्या वेळी वरच्या मजल्यावरचे शेखरराव काठी टेकत काय चाललंय ते बघायला आले आणि बेल दाबली. चौथ्या वेळी सगळं बंद केलं, पंखासुद्धा, सुधाला स्वयंपाकघरात हलू नकोस म्हटलं, आणि दोन मिनिटं पन्नास सेकंदांना मोतीराम शिंकला. कोपऱ्यात उभ्या उभ्या लाजला बिचारा. सुधा हसली! तोंडावर पदर धरून हसली, मी पाहिलं.

पाचव्यांदा जमलं. यंत्राने हिरवं टिकमार्क दाखवलं. दोन्ही मागचे स्पीकर अगदी सारखे, अर्ध्या डेसिबलचा फरक नाही. टेपने मोजून लावल्यावर दुसरं काय होणार!

२७ ऑक्टोबर

उद्घाटन. जंगलातला सिनेमा लावला. सुधा सोफ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसली, म्हणे तिकडे वारा येतो. म्हटलं, उजवीकडे ये. आमचे नाना पंचवटीत पौरोहित्य करायचे. पूजेला जोडपं बसवताना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, वहिनी, उजवीकडे. लग्न झाल्यापासून सुधा माझ्या उजवीकडे. पूजेत, पंगतीत, नाटकाच्या खुर्चीत, सोफ्यावर. ती उठून इकडे आली.

आवाज? काय सांगू! पानं समोर सळसळतात, पाखरू डाव्या खांद्यामागून निघतं आणि डोक्यावरून पार पुढे जातं. मी मागे वळून पाहिलं. माझ्याच घरात मी मागे वळून पाहिलं!

पण एक खटकलं. पाखरू डावीकडून येतं, उजवीकडून येत नाही.

सुधा काही बोलली नाही.

२८ ऑक्टोबर

शंकाच नको. उजवीकडचा मागचा स्पीकर बसकाच आहे. सिनेमात गाडी डावीकडून येते आणि माझ्या नाकासमोर आली की जाते कुठे, पत्ता नाही. यंत्र म्हणतं सारखे आहेत. यंत्राला काय कळतंय? कान मला आहेत की यंत्राला? तीन डेसिबल वाढवला.

२९ ऑक्टोबर

आणखी तीन वाढवला.

३० ऑक्टोबर

मोतीरामला पुन्हा बोलावलं. दोन्ही मागच्या स्पीकरांची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. स्पीकर नासका असेल तर दोष त्याच्याबरोबर डावीकडे जायला हवा.

नाही गेला! अजूनही उजवीकडचाच बसका. मग वायरी बदलल्या. तरी तेच. म्हणजे स्पीकर चांगला, वायर चांगली, आणि आवाज नाही. मोतीराम उजवीकडे उभा राहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "साहेब, मला तर इकडं लयच मोठा येतोय." म्हटलं, तू स्पीकरला खेटून उभा आहेस म्हणून. तो वायरीचे स्क्रू पुन्हा आवळायला लागला. बावीस वर्षं माझ्या हाताखाली काढली आहेत, माझ्या कानापुढे बोलायचं नाही हे त्याला ठाऊक आहे.

१ नोव्हेंबर

सापडलं! बघा, मी म्हणत नव्हतो? डाव्या बाजूला सलग भिंत आहे. उजवीकडे जेवणाच्या टेबलाकडे जायची मोकळी कमान. आवाज त्या कमानीतून सरळ स्वयंपाकघरात पळून जातो. भिंत नाही म्हणजे परतून येणार कुठून? इतकी साधी गोष्ट.

कमानीत जाड सतरंजी टांगली. सुधाला स्वयंपाकघरात जाताना दर वेळी ती बाजूला करावी लागते, पण सवय होईल. वर आणखी दोन डेसिबल दिले. आता बरं वाटतंय. अगदी बरोबर नाही, पण बरं.

उद्या आभाला बोलावलंय. शेखरराव येणार. दाखवतो एकेकाला.

२ नोव्हेंबर, रविवार

माणसं इतकी बहिरी असतात?

पाच मिनिटं झाली नाहीत तर शेखरराव काठीवर हात ठेवून म्हणतात, छान आहे, छान आहे, पण तो एक जरा ओरडतोय. कोणता? म्हणे उजवीकडचा. आभा तर कान धरूनच उठली. "बाबा, आई त्या स्पीकरच्या शेजारी बसलीय, तिच्या कानात कोणीतरी किंचाळतंय!" मी सुधाकडे पाहिलं. तिने पदर डोक्यावरून कानांवर ओढून घेतला होता. मला वाटलं गार लागतंय, मी पंखा बंद केला.

मग मी त्यांना नीट समजावून सांगितलं, कमान काय, भिंत काय, परतून येणारा आवाज काय. शेखरराव मान हलवत राहिले आणि अर्ध्या सिनेमात औषधाची वेळ झाली म्हणून उठले. आभा जाताना दारात म्हणाली, एकदा यंत्राचं ऐका ना बाबा. मी रागावलो. एकतीस वर्षं ज्या कानावर कंपनी चालली त्याच्यावर लेकीचा विश्वास नाही!

सुधा आजही काही म्हणाली नाही. निदान वाईट तरी म्हणायचं होतं. मी हे सगळं कोणासाठी करतोय?

४ नोव्हेंबर

दुकानात फोन करून भांडलो. तिथला माणूस म्हणाला, सर, स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवा. दाखवला. म्हणाला, तुम्ही उजवा आठ डेसिबलने वाढवलाय, एवढा कोणी वाढवत नाही. म्हटलं, तुमच्याकडे कोणी ऐकत नाही म्हणून. फोन ठेवला.

६ नोव्हेंबर

दुपारी सुधा भाजी आणायला पंचवटीत गेली होती. वायरीची पट्टी मागच्या भिंतीवरून सुटली होती, ती चिकटवायला सोफ्यावर गुडघे टेकून उलटा बसलो. टीव्हीकडे पाठ, भिंतीकडे तोंड. यंत्रावर चाचणीचा आवाज चालू ठेवला होता, एकेका स्पीकरमधून फिरणारा. सर्रर्र, सर्रर्र.

आणि उजवीकडचा मागचा स्पीकर असा गरजला की मी दचकलो. तो आता माझ्या डाव्या हाताला होता. आठ डेसिबल! कानठळ्या बसल्या. मग आवाज दुसऱ्या स्पीकरकडे गेला. रोजचा खणखणीत डावा. तो आता माझ्या उजवीकडे आला होता. आणि तो बसका! भिंतीपलीकडून आल्यासारखा.

सरळ बसलो. डावा खणखणीत, उजवा बसका. उलटा बसलो. पुन्हा उलट. सात वेळा केलं. कमान जागेवर, भिंत जागेवर, स्पीकर जागेवर. फिरत होतो फक्त मी.

पट्टी तशीच लोंबते आहे.

७ नोव्हेंबर

काही लिहायचं नाही.

१० नोव्हेंबर

कॉलेज रोडला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एकटाच. सुधाला म्हटलं, बँकेत जातो.

काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले. बारीक आवाज आला की बोट वर करायचं. डाव्या कानाला फटाफट बोटं वर केली. म्हटलं, बघा कान कसा आहे. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, आता उजवा. मी तयार होऊन बसलो. बसलो, बसलो. यंत्र बिघडलं असेल म्हणून काचेतून त्यांच्याकडे पाहिलं तर त्या कागद काढून घेत होत्या. झालं होतं!

सत्तर टक्के गेलाय उजवा. आजचा नाही, काही वर्षांचा, हळूहळू गेलेला. म्हणून समजलं नाही, म्हणाल्या. मग विचारलं, कारखान्यात होतात का? बोळे घालायचात? नाही म्हणताना माझी मान खाली गेली. ज्या कानाने नाव कमावलं, तोच गेला. किती वर्षं मी इतरांना बहिरे म्हणत होतो कोण जाणे. श्रवणयंत्राने फरक पडेल म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात माप द्यायचं आहे.

घरी आलो आणि आधी वाढवलेले आठ डेसिबल काढून टाकले. यंत्राने सांगितलं होतं तेच आकडे ठेवले. सतरंजी काढली. आभा कॉलेजातून येताना डोकावली, दोन मिनिटं उभी राहून ऐकलं, मग पर्स न ठेवताच सोफ्यावर बसली आणि अर्धा तास उठली नाही. "बाबा, थिएटरात असं लागत नाही हो." बरोबर आहे. जागा मी ठरवल्या, उंची मी ठरवली, टेप मी धरली. एका कानाने बसवलंय हे! कोणी बसवून दाखवावं.

सुधाला अजून सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? तीस वर्षं तिच्यासमोर या कानाची मिजास केली.

११ नोव्हेंबर

संध्याकाळी सुधा सवयीने उजवीकडे बसायला आली. म्हटलं, आजपासून डावीकडे बस. नानांचा नियम मोडला. तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा सांगून टाकलं. उजवा कान गेलाय माझा.

"माहीत आहे मला."

कधीपासून, विचारलं. म्हणाली, दोन वर्षं झाली असतील. मला राग आला. म्हटलं, मग दोन वर्षं शेजारी बसून माझ्याशी बोलली का नाहीस?

"बोलत होते की. रोज."