आत्याचा कॉल आपल्याच सर्व्हरवरून

९ फेब्रुवारी, सोमवार
निर्णय झाला. बारशाला आमची लेक दामिनी जर्मनीहून नातवाच्या कानात नाव सांगणार, ते आपल्या स्वतःच्या सर्व्हरवरून. लोकांच्या ॲपवरून नाही. तिला सुट्टी मिळत नाही, पण आत्या तीच, नाव ठेवायचा मान तिचाच. आणि ते नाव तिने अजून कोणालाही सांगितलेलं नाही. ऋषिकेशला नाही, मेघाला नाही. बाळाच्या आईबापालाही माहीत नसलेलं नाव परक्या कंपनीच्या हवाली करायचं? उभा जन्म टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाच्या घरात? शक्य नाही.
ओपन सोर्स मेसेजिंग सर्व्हर वरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर केव्हाच चालू झाला आहे. मेसेज धडाधड जातात. (सध्या दामिनी सोडली तर मीच मला पाठवतो.) व्हिडिओ तेवढा जोडायचा. बारसं बावीसला. वेळच वेळ.
उद्यापासून पहाटे उठणे.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.४०
आत्ता उठलो. थंडी.
व्हिडिओसाठी आणखी एक प्रोग्रॅम टाकावा लागतो. तासाभराचं काम. सूचना भरमसाट, सगळ्या इंग्रजीत. मुख्य मुख्य वाचल्या. शेवटी ‘घराबाहेरचे कॉल’ असं एक प्रकरण आहे. ते नंतर. आधी घर.
ऋषिकेश कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत बघतो. निघता निघता म्हणाला, बाबा, साध्या फोनवरून करू ना, काहून एवढा ताप घेऊन राहिले. त्याला लिलाव कळतो. प्रायव्हसी वेगळी गोष्ट आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
यश!! हॉलमधून स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉल. सुमतीचा चेहरा स्वच्छ, मागचा कुकरसुद्धा. ती म्हणाली, अहो, मी इथूनच ओ देऊन राहिली, फोन काहून लावता? तिला मुद्दा कळला नाही.
आनंदाच्या भरात लोकांच्या ॲपवरचा फॅमिली ग्रुप सोडला. निषेध म्हणून. कारणं सविस्तर लिहिणार होतो, पण आधी बाहेर पडलो आणि मग लिहिता येईना. अजून कोणी विचारलेलं नाही. बहुतेक धक्का बसला असेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार
आज घराबाहेरची चाचणी. शेजारच्या गणपतरावांना अंगणात पेरूच्या झाडाखाली उभं केलं, मी वर बसलो. पहिल्या झटक्यात लागला! गणपतराव म्हणाले, मले वाटलं नव्हतं गा, तू त मोठा इंजिनियर निघाला. त्यांच्या फोनला आमचंच वाय-फाय दिलं होतं, कारण त्यांचा रिचार्ज संपला होता. पण अंगण म्हणजे बाहेरच. ते प्रकरण वाचायची गरज उरली नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
ऋषिकेशने कळमन्याहून लावून बघितला. नुसतं ‘जोडत आहे’. तिथे टिनाचे शेड, लिलावाची आरडाओरड, सिग्नल शिरणार कुठून? जर्मनीत असलं काही नाही.
संध्याकाळी दामिनीने लावला. तिथूनही ‘जोडत आहे’. तिचं नेट. कंपनी बदल म्हणून मेसेज केला. उत्तर आलं, बाबा, माझं नेट चांगलं आहे, मी घरी रोज बोलते. घरी म्हणजे कोणाशी, ते विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
प्रकरण वाचलं. घरातला कॉल घरातल्या घरात फिरतो. बाहेरच्या माणसासाठी मध्ये रिले म्हणून आणखी एक प्रोग्रॅम लागतो, आणि त्याला राउटरमधून वेगळी वाट करून द्यावी लागते. हे पहिल्याच पानावर लिहायला काय झालं होतं? लिहिणाऱ्याला शिस्त नाही.
सुमतीने जेवताना बजावलं. पोरगी तिकडे साडी नेसून बसणार आहे, तुमच्या डबड्यापायी तिचा हिरमोड झाला त पाहा. नाव ठेवल्याबिगर मी लेकराले पाळण्यातून उचलू देणार नाही. डबडं हा शब्द मनाला लागला. जास्तीची पोळी नाकारली. नंतर खाल्ली.

२१ फेब्रुवारी, शनिवार
रिले बसवला. तेव्हापासून हॉल ते स्वयंपाकघरही बंद आहे. मोठ्या कामात असं होतंच.
ऋषिकेशने आपला फोन स्टँडला लावून पाळण्याजवळ ठेवला आहे. म्हणतो, राहू द्या बाजूले, लागला त लागला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. माणसाने समजूतदार असावं.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.१५
बायका जमल्या. घुगऱ्यांचा वास वरपर्यंत येतो आहे. दामिनीचा मेसेज, बाबा, तयार बसली आहे. मुहूर्त बाराचा. फक्त एक रीस्टार्ट.

१२.०५
सुमतीने जिन्यातून दोनदा हाक मारली. पाच मिनिटं म्हणालो.

१२.२०
खालून ‘कुर्रर्र’ ऐकू आलं. मग एकदम शांत. मग धपाधप आवाज, हसणं, टाळ्या.

१२.२५
रिले चालू झाला!!! सांगायला धावत खाली गेलो.

दुपारी ४
खाली पंगत बसत होती. नाव सांगून झालं होतं, ऋषिकेशच्या फोनवरून. नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, आणि आत्या जर्मनीत, म्हणून बायकांनी फोनच्या पाठीत घातले म्हणे. फोन स्टँडवरून पडला, कॉल तुटला. मेघाने हातात घुगऱ्यांचा द्रोण दिला. बाबा, कसं वाटलं नाव?
गोड आहे म्हणालो.
काय नाव ठेवलं, हे विचारायचं होतं. पण चारचौघांत आजोबाने विचारायचं कसं? मग वाटलं, कोणीतरी सहज घेईलच. पण सगळे गुंड्या, राजा, सोन्या. सुमती बोलत नाही. ग्रुपवर नाव नक्की आलं असणार, मी ग्रुपवर नाही. गणपतराव निघताना म्हणाले, लय साजरं नाव ठेवलं गा पोरीनं. म्हणजे त्यांनाही माहीत आहे.
आज वाईट वाटलं. पोरगी एवढ्या लांबून बोलली आणि मी पाळण्याशी नव्हतो. खोटं कशाला लिहू.

२३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२
दामिनीचा कॉल. आपल्या सर्व्हरवरून. लागला! नागपूर ते जर्मनी, थेट! चित्र असं की तिच्या कपाळावरची टिकली वाकडी लागली आहे तेही दिसलं. फक्त आवाज येत नव्हता.
मी पाळण्याशी नव्हतो हे बहुतेक सुमतीने तिला सांगितलं असावं. ती हसली, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली, तोंडाशी हाताचा आडोसा केला. आधी कुर्रर्र केलं, ते ओठांवरून कळलं. मग नाव सांगितलं. ओठ एकदा मिटले, मग उघडेच राहिले. मी फोन कानाला लावला. काही नाही. परत समोर धरला. तिने आणखी एकदा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मग भुवया उंचावून बघत राहिली, आवडलं का म्हणून.
मी मान डोलावली. फार आवडलं म्हणालो. तिलाही ऐकू गेलं नाही.