नदीपर्यंत आणि परत

११ फेब्रु. ४६, काष्टी
दौंडला रेल्वेच्या डॉक्टरांना दाखवून आलो. जिना चढून वर गेलो तर बोलायला दम पुरेना. छाती तपासून म्हणाले, "मालबाबू, वजन उतरवा. नाहीतर पेन्शन बायकोच घेईल." औषध नाही. रोज चार मैल चालणे, भात बंद, दुपारची झोप बंद.
परत आल्यावर मालधक्क्याच्या काट्यावर उभा राहिलो. २ मण २२ शेर. हमालांनी तोंडं फिरवली. रेशनच्या दिवसांत एवढा माणूस, हसणारच. सौ.ला खरा आकडा सांगितला नाही.

१३ फेब्रु.
एकट्याने चालायची लाज वाटते. काम नसताना बाबू का हिंडतोय म्हणून लोक थांबून विचारतात. स्टेशनसमोरच्या इब्राहिमभाई शिंप्याला गळ घातली. बारा वर्षांची ओळख. तोही दिवसभर मशीनवर बसून सुटलेला. म्हणाला, "येतो की. पन पैज लावू, बाबू. आदी कुनाचा सदरा ढिला होतो ते बघू." त्यालाही काट्यावर चढवला. २ मण ९ शेर.
उद्यापासून पहाटे साडेपाच. घोड नदीपर्यंत आणि परत.

१९ फेब्रु.
पोटऱ्यांचे दगड झालेत. तो अखंड बोलत चालतो, मला हुंकार द्यायलाही दम नाही. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून माझे जुने बूट दिले. घट्ट होतात. "सैल पडतील," म्हणाला.

३ मार्च
काटा केला. मी दीड शेर खाली. तो चार!
मी भाकरी मोजून खातो. तो दुप्पट जेवतो म्हणे. "भूक लई लागती चालन्यानं." सदरा दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवलाय, मुद्दाम फिरून दाखवला. मी हसलो. मनातून जळलो.

१२ मार्च
ऊन तापायला लागलं. नदीवर पोचल्यावर तो ओंजळीने पाणी प्यायला लागला की थांबतच नाही. वाटेत दोनदा झुडपाआड. म्हटलं, "एवढं पाणी कशाला ढोसता?" तर म्हणे, "घशात वाळू हाय."

२० मार्च
सौ. बाजारातून आली ती पिशवी न ठेवताच म्हणाली, "इब्राहिमभाई उतरत नाहीयेत हो. वाळतायत." मी उडवून लावलं. वर म्हटलं, माझे तीन शेर उतरले ते दिसले नाहीत तुला. 

२४ मार्च
आज तो आला नाही. दारात जाऊन हाक मारली. त्याच्या पत्नी हलीमाभाभी बाहेर आल्या. "आज ऱ्हाऊ द्या, भाऊ. रातभर उठत हुते." मी आतल्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "एकदा आळस शिरला की संपलं."
आला बिचारा. परतताना तीनदा खाली बसला. मी पुढे चालत राहिलो. वळून पाहिलं नाही. हे लिहून ठेवतो.

२९ मार्च
काटा. मी २ मण १८. तो १ मण ३६, म्हणजे तेरा शेर खाली. आज हमाल हसले नाहीत. एकजण म्हणाला, "शिंपीदादा, बरं न्हाई का?"
काट्यावर चढताना त्याने बूट काढला तर मोजा करंगळीला चिकटलेला. ओढून काढला. खाली कातडी नव्हतीच. मी म्हटलं, "अहो, सांगितलं का नाही?"
"दुखत न्हाई, म्हनून ध्यान गेलं न्हाई."
एवढी जखम आणि दुखत नाही?

४ एप्रिल
चालणं बंद. तो पडून आहे. हळद-तेल लावतात. बोट काळं पडलंय, उंबऱ्यातच वास येतो. भाभी सहज बोलता बोलता म्हणाल्या, "मोरीत मुंग्यांची रांग लागती, भाऊ. पंधरवडा झाला. राख टाकली तरी हटत न्हाईत."
माझ्या काकांच्या मोरीत अशाच मुंग्या व्हायच्या. साखरेचा आजार. सहा महिन्यांत गेले. म्हणजे तहान, भूक, झुडपाआड जाणं, सगळं मी घरात पाहिलेलं होतं. आणि रोज शेजारून चालताना...

५ एप्रिल
त्याला पॅसेंजर गाडीने नगरला नेलं. डब्यात चढवताना मी एकट्याने उचलला. दोन महिन्यांपूर्वी दोघांनाही उचलवला नसता.
हॉस्पिटलात लघवी औषध घालून तापवली. नळीतला निळा रंग विटकरी झाला, म्हणजे साखर. डॉक्टरांनी विचारलं, "या पायावर किती दिवस चालवलंत यांना?"
भाभींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "मी चालवलं."
त्यांनी इंजेक्शनं सुरू केली.

९ एप्रिल
बोट काढलं. ताप उतरत नाही. रजा मिळेना, रविवारी जाईन. सौ.ने भाकऱ्या बांधून भाभींच्या भावाबरोबर पाठवल्या. मला जेवण नकोसं झालंय. परवा कोणीतरी म्हणालं, "बाबू, छान उतरलात." उठून आत गेलो.

१४ एप्रिल
नगर. काळं घोट्याच्या वर गेलंय. गुडघ्याखालून कापायचं म्हणतात, उद्या दहाला. कापलं तरी वाचेलच असं डॉक्टर सांगत नाहीत. नाही कापलं तर आठवडा.
तो कागदावर सही करायला तयार नाही. "एका पायानं मशीन कसं चालंल? मग कुनाच्या दारात हात पसरून बसू?" भाभी मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. "तुमीच सांगा, भाऊ. तुमचं ऐकत्यात."
माझंच ऐकत आला होता. तेच तर झालं.
आत गेलो. पलंगाशी बसून सगळं सांगितलं. जळलो ते. वळून पाहिलं नाही ते. काकांचा आजार पाहिला होता तरी ओळखला नाही ते. डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "मला ठावं हुतं तुमी जळता. मजा यायची." थोड्या वेळाने, "तुमी चालायला नसतं नेलं तर बसल्या बसल्या गेलो असतो. काय झालंय ते कळलं तरी."
खरं म्हणाला की माझ्यासाठी म्हणाला, समजलं नाही. मी कागद पुढे केला. सही करा म्हणालो. पुन्हा मीच. त्याने केली. भाभींनी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

१५ एप्रिल
ड्यूटी सोडता आली नाही. भाभींचा भाऊ नगर स्टेशनवर जाऊन सांगणार, तिथले बाबू तारेवरून इकडे कळवणार, असं ठरलंय. दहापासून यंत्राशेजारी बसलोय. सौ. डबा घेऊन आली, ती परत गेलीच नाही. बाकावर बसली आहे. यंत्र वाजलं की उठते.
अकराला एका मालगाडीचा निरोप. पावणेबाराला दौंडचा. एक वाजून गेला. आता पुन्हा वाजतंय, नगरच आहे, पण वॅगनबद्दल विचारतायत. उत्तर दिलं. शेवटी जोडून विचारलं, इब्राहिम शेखबद्दल काही?
थांबा, म्हणतात.