देव्हाऱ्यातलं रोमचं नाणं

आई, तुझं ते देवीचं नाणं आज मी तपासून आणलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्याशी माझं भांडण संपलेलं नाही, आणि समोर माणूस नसताना भांडायचं म्हणजे नुसता जिवाला त्रास. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू.

रायपूरला बूढापाऱ्यातल्या घरी न्हाणीघर बांधायला महानदीची रेती आणली होती, ती चाळताना ते तुला सापडलं. हिरवंकाळं, रुपयाएवढं. चिंच-मीठ लावून घासलंस आणि हरखून गेलीस. एका बाजूला कोणा राजाचं डोकं होतं, ती बाजू तू खाली ठेवलीस. दुसरीकडे भाला रोवणारी आकृती, पायाशी जनावर आणि त्यावरून कोसळलेला एक जण. मी म्हटलं, ही देवी कशावरून? तर म्हणालीस, "महिषासुर होय तो, दिसून नाही राहिला का तुले?" तेव्हापासून ते देव्हाऱ्यात. दर नवरात्रात पितळी देवांबरोबर त्यालाही चिंच.

मग भाऊ तापाने फणफणतो. बाबा रेल्वेच्या ड्युटीवर बाहेरगावी. शेजारच्या दीदी म्हणतात, दवाखान्यात न्या. मीही म्हणते, तू ऐकत नाहीस. लाल दोऱ्यात नाणं गुंडाळून त्याच्या गळ्यात बांधतेस. "देवी हाय ना त्याच्यापाशी, काहून भेऊन राहिली तू?" त्याचे ओठ सुकलेत, तो पाणीसुद्धा मागत नाही. बाबांनी आल्याबरोबर त्याला उचलून दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. तिथल्या नर्सने दोरा कापून नाणं माझ्या हातात ठेवलं. त्यानंतर बाबा तुझ्याशी कामापुरतंच बोलले, मी तर तेवढंही नाही. तू मात्र ते नाणं पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलंस आणि दर नवरात्रात घासत राहिलीस. त्याचा मला फार राग यायचा. अजूनही येतो.

आता मी नवा रायपूरला नोकरीला जाते. वाटेत तेलीबांध्याला जुन्या नाण्यांचे एक जाणकार राहतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी नाणं खिडकीशी तिरपं धरून भिंग लावलं. म्हणाले, "दीदी, ये तो रोम का है। काँसे का।" डोक्याला मोत्यांची पट्टी, म्हणजे तिथला बादशहा. कोणता, ते कडेच्या अक्षरांवरून सांगता आलं असतं, पण अक्षरं पार झिजलेली. "किसी ने बहुत माँजा है।" मग त्यांनी ते उलटवलं. देवी नाही, शिपाई आहे. रेडा नाही, घोडा आहे. घोड्यावरून पडलेला तो शत्रूचा स्वार आहे आणि शिपायाकडे वळून त्याने एक हात वर केला आहे. असली नाणी त्या काळी ढिगाने पाडली होती म्हणे. हात कशाला वर केलाय, मी विचारलं. "जान की भीख माँग रहा है, और क्या।"

हे तू त्याच्या गळ्यात बांधलं होतंस, आई.

ऑफिसात मी सांगून निघाले होते, आईचा अडाणीपणा आज सिद्ध करून येते. झालं तसंच, पण संध्याकाळपासून मी ते नाणं समोर ठेवून बसले आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. ते भिंगावर वाकले होते तेव्हा मी, देव न मानणारी, मनातल्या मनात घोकत होते की देवीच निघू दे. निघाली असती, तर त्या दिवसांत देवी त्याच्यापाशी होती, तू त्याला एकटं सोडलं नव्हतंस, असं मला म्हणता आलं असतं.