दक्षिणेकडे तोंड केलेली छत्री

कांडला, १७ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस मार्तंडाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्ता बदलला म्हणून रागावू नको. सुरतेची गिरणी सोडली, तिथं जीव लागेना. आता बंदरावर मिठाची पोती उचलून राहिलो. हाताच्या चिरांमधी मीठ जाते, संध्याकाळी घास कालवणं होत नाही. इथं किती दिवस राहीन, मले मालूम नाही.

आपल्या गावचा धोंडबा दिवाळी करून परत आला. सांगत होता, तुह्या शाळेत सरकारनं टीव्ही बसवला, वर जाळीची मोठी छत्री. मी म्हटलं, आता टीव्ही शिकवते त आमची ताई पगार कायचा घेते? आमच्या वेळी शाळेत दोनच गोष्टी, पाढे अन् छडी. टीव्ही असता त माही शाळा पाचवीत सुटली नसती. का सुटलीच असती, माह्या पायाले भिंगरी.

आईले सांग, जेवतो. लोभ कमी करू नये.

तुहा
मार्तंड

&nbsp;

बोरडोह, ता. सावनेर, २६ नोव्हेंबर १९८६

चि. मार्तंड यास उत्तराताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे. तिला तुझे हात कसे आहेत ते सांगितलं नाही.

टीव्हीचं काय विचारतोस बाबा! आला त्या दिवशी शाळेत उभं राहायला जागा नव्हती. सातवीच्या ज्या मुली कापूस वेचायला जातात, त्याही हात धुऊन येऊन बसल्या. बसवणाऱ्या माणसानं छत्रीचं तोंड दक्षिणेकडे केलं, आकाशात उपग्रह तिकडेच आहे म्हणाला. चित्र कसं आरशासारखं! दुसऱ्या दिवशी आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष रुपरावजी आले, आणि त्यांनी माणसं चढवून छत्री पूर्वेला फिरवली. यमाच्या दिशेला तोंड करून लेकरं बसवायची नाहीत, म्हणाले. तेव्हापासून पडद्यावर नुसत्या मुंग्या. मुख्याध्यापक त्यांच्यापुढे बोलत नाहीत. मी समजावून पाहिलं, तर म्हणाले, बाई, तुमचं पुस्तक खरं असंल, पण माझा नातू परत येत नाही. शाळेचं दार दक्षिणेला काढलं त्याच वर्षी त्यांचा नातू तापानं गेला, तुला ठाऊक आहे.

मला काळजी मनकर्णाची. वर्गातली सर्वांत हुशार पोरगी. टीव्ही चालू असेल तर पाठवीन, असं तिची आई प्रयागबाई कबूल झाली होती. आता म्हणते, मुंग्या पाहायला पोरगी पाठवू काय, मुंग्या माझ्या घरी कमी आहेत काय? वेचणीत एकदा शाळा सुटली की वैशाखात लग्न, हे ठरलेलंच. मी रोज जाऊन दारात उभी राहते. थकले रे.

हाताला खोबरेल लाव. माया आहे तशीच आहे.

तुझी
उत्तराताई

&nbsp;

कांडला, ५ डिसेंबर १९८६

ती. ताईस मार्तंडाचा सा. न. वि. वि.

तुहं पत्र दोनदा वाचलं. वाचाले वेळ लागते मले, हसू नको.

रुपरावजीवर रागावू नको वं ताई. तान्ह्या पोळ्याले नातवाले खांद्यावर घेऊन अन् त्याचा लाकडी नंदी काखेत धरून गावभर मिरवे तो माणूस. त्याले उपग्रह सांगून काय होते? तू मास्तरीण आहे म्हणून तू पुस्तकातून सांगतं. मी पोती उचलणारा, मले जे दिसते ते सांगतो. आपल्या शिवेवरचा मारुती कोणीकडे तोंड करून उभा आहे? दक्षिणेकडेच ना? त्याले काहून कोणी पूर्वेकडे फिरवलं नाही? उलट रुपरावजीच दर शनिवारी तेल वाहतात. वाईट जिकडून येते तिकडेच त राखणदारानं पाहावं. पाठ फिरवून उभा राहणारा राखणदार कोणत्या कामाचा? बस, हेच सांग. मानलं त मानलं, नाही त तू अन् तुह्या मुंग्या.

इथं धोंडबाले ताप आहे, त्याच्या वाटचीही पोती मीच उचलतो. झोप येऊन राहिली, म्हणून अक्षर तिरपं. जीव लावून राहावं, एवढीच विनंती.

तुहा
मार्तंड

&nbsp;

बोरडोह, १९ डिसेंबर १९८६

चि. मार्तंड यास आशीर्वाद.

मी काही समजावलं नाही. रुपरावजींच्या ओसरीवर बसले आणि तुझं मारुतीचं तेवढं वाचून दाखवलं. त्यांनी पत्र मागून घेतलं, घडी घालून परत दिलं. मग विचारलं, मार्तंड जेवतो ना वेळेवर? मी हो म्हटलं.

शनिवारी मारुतीला तेल वाहून तसेच शाळेत आले. छत्रीच्या खांबाला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि पोरांना म्हणाले, चढा गा वर, फिरवा तोंड. बराच वेळ उजवीकडे-डावीकडे चाललं. चित्र आलं तेव्हा सगळ्यांत मागे तेच उभे होते. टोपी काढून डोळे पुसले आणि निघून गेले. पण शाळेत गलका झाला रे, वर्षभरात झाला नव्हता असा.

मुली मात्र निम्म्याच होत्या. मनकर्णाला मी हाताला धरून आणलं होतं. धड्याच्या मध्येच प्रयागबाई तिला न्यायला आली, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. दारात उभी राहिली. मग भिंतीला टेकली. मग खाली बसली. धडा संपल्यावर उठली आणि पोरीला घेऊन वावरात गेली. मला वाटलं, संपलं. पण सोमवारी मनकर्णा आली. आईनं सांगितलंय, धडा होईस्तोवर बस, मग वेचायला ये. रोज येते. बोंडांनी बोटं सोललेली असतात, धड्याआधी माझा तास सुरू झाला की डोकं टेकून झोपते. मी उठवत नाही.

एवढंच झालं. घरी ये म्हणणार नाही, तू ऐकत नाहीस. माझ्या मायेत अंतर नाही.

तुझी
उत्तराताई

&nbsp;

कांडला, २९ डिसेंबर १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

धोंडबाले बरं आहे. तुहं पत्र मी झोपडीत सगळ्यांले वाचून दाखवलं, अडखळत अडखळत. इथले लोक दिवसभराचे मेलेले, पण उठून बसले. प्रयागबाई खाली बसली तिथं एक बिहारी गडी म्हणाला, फिरसे पढो. मी फिरून वाचलं.

मग त्यांनी विचारलं, टीव्हीवर शिकवलं तरी काय? मी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. कोण कुठं उभं होतं, कोण रडलं, कोणाच्या कमरेले काय बांधलं होतं, सारं लिहिलं तू. धडा कायचा होता, तेच नाही.

ते लिही वं ताई. पहिल्यापासून, जसं मनकर्णाले सांगतं तसं. अक्षर मोठं काढजो. एका पत्रात मावलं नाही त दुसरं टाक, मी अजून काही दिवस इथंच आहो.

वाट पाहून राहिलो. लोभ आहे तो वाढावा.

तुहा
मार्तंड